चिकित्सेचा पाचवा पाय

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे रोग्याची शुश्रूषा करणारा परिचारक, आणि स्वतः रोगी. या चौघांच्या ठायी प्रत्येकी चार गुण असावेत, आणि असे सोळा गुण एकत्र जुळून आले की रोग हटतो, असा त्या ग्रंथाचा सिद्धांत आहे. सिद्धांत निर्दोष आहे. फक्त तो मांडताना महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या गावी संध्याकाळी साडेसहा वाजता गजबजणारा दवाखाना ग्रंथकर्त्याच्या डोळ्यांसमोर नव्हता, एवढी त्याची मर्यादा मान्य करावी लागते. तो असता, तर सोळांपैकी निदान अकरा गुण ऐच्छिक ठरले असते आणि चार पायांना एक पाचवा पाय जोडावा लागला असता. हा पाचवा पाय म्हणजे सल्लागार. तो वैद्य नसतो, रोगी नसतो, आणि शुश्रूषेच्या वेळी तर तो घरीच निघून गेलेला असतो. तरीही सगळी चिकित्सा आपल्याच आधाराने उभी आहे, याविषयी त्याला शंका नसते. वैद्यक हा थोड्या लोकांचा व्यवसाय आहे आणि उरलेल्या सर्व समाजाचे ते जीवितकार्य आहे, हे एकदा ध्यानात घेतले की मराठी माणूस आणि त्याचा डॉक्टर यांच्यातील संबंध बराचसा उलगडतो.

रोग्याच्या गुणांत पहिला मान स्मृतीचा आहे. आजार केव्हा सुरू झाला, आधी काय झाले होते आणि कोणते औषध पोटात गेले, हे रोग्याला आठवावे अशी अपेक्षा आहे. मराठी रोग्याची स्मृती दांडगी असते, मात्र ती वैद्याच्या उपयोगाच्या वाटेने जात नाही. ताप कधीपासून आहे, या साध्या प्रश्नाचे उत्तर "धाकट्या नणंदेच्या साखरपुड्याला आम्ही निघालो ना," येथून निघते, एस.टी. कुठल्या घाटात बंद पडली, टपरीवरची भजी कोणी खाल्ली, ती खाऊ नका असे कोणी बजावले होते आणि मानापानावरून साखरपुडा मोडता मोडता कसा वाचला, ही सर्व ठिकाणे घेत घेत ते "म्हणजे परवापासून" या दोन शब्दांवर येऊन पोचते. मात्र औषधाचा प्रश्न निघाला की हीच स्मृती एकाएकी मौन धारण करते.

"आधी कोणती गोळी चालू होती?"

"ती पांढरी हो."

"पांढऱ्या पुष्कळ असतात."

"गोल आहे. मधोमध रेघ आहे."

"नाव काय तिचं?"

"नाव तुम्हाला माहीत असणार. डॉक्टर तुम्ही आहात."

गोळी या डॉक्टरांनी दिलेली नसते. ती शेजारच्या काकूंनी दिलेली असते, आणि काकूंना ती त्यांच्या व्याह्यांच्या गुडघ्यांसाठी मिळालेली असते. जुन्या आजारांचे सर्व कागद एका फाइलीत असतात खरे, परंतु ती फाइल हाताळून खराब होऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून कपाटात, दागिन्यांच्या डब्याच्या खाली जपून ठेवलेली असते. दवाखान्यात तिचे फक्त वर्णन येते.

दुसरा गुण निर्देशकारित्व, म्हणजे वैद्याने सांगितले तसे वागणे. अँटिबायोटिक, म्हणजे जंतूंचा नाश करणारे औषध, पाच दिवस घ्यावे असे सांगितले असता दुसऱ्या दिवशी ताप उतरतो, आणि उतरलेल्या तापावर गोळ्या खर्च करणे ही शुद्ध उधळपट्टी आहे, अशी गृहस्थाश्रमी जाणीव रोग्याला होते. उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात जातात. हा डबा म्हणजे मराठी कुटुंबाचे खाजगी औषधालय होय. त्यातील प्रत्येक पाकीट कात्रीने अर्धे कापलेले असते, आणि औषधाची मुदत ज्या भागावर छापलेली असते नेमका तोच भाग कापून गेलेला असतो, हा सृष्टीच्या अटळ नियमांपैकी एक आहे. पुढे घरात किंवा आळीत कोणालाही ताप आला की डबा उघडतो, "याच तापावर यांना गुण आला होता," असे म्हणून उरलेल्या गोळ्या वाटल्या जातात, आणि अर्धवट मात्रेला सरावलेले जंतू पुढल्या औषधाला जुमानेनासे होतात. रक्तदाबाच्या गोळीचे प्रकरण याहून सरळ आहे.

"गोळी का थांबवलीत?"

"बी.पी. नॉर्मल आलं ना."

"अहो, ते गोळीमुळेच नॉर्मल आलं."

"हो ना. मग आता गोळीची काय गरज?"

या युक्तिवादाला वैद्यकाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात उत्तर नाही. ते असलेच तर न्यायशास्त्रात असावे.

तिसरा गुण अभीरुत्व, म्हणजे न घाबरणे. या बाबतीत रोग्याची भीती आणि धैर्य दोन्ही भरपूर असतात, केवळ त्यांच्या जागांची अदलाबदल झालेली असते. साध्या सर्दीसाठी तो दंड उघडा करून बसतो आणि सुईची गरज नाही असे डॉक्टर म्हणाले की "नुसतं बघून तीनशे रुपये घेतले," अशी तक्रार घरी नेतो. खरोखर रक्त तपासायला सांगितले की मात्र त्याला गावी जायचे असते. साखरेची तपासणी ही त्याला शालान्त परीक्षा वाटते. अहवाल चांगला यावा म्हणून तो चार दिवस आधी गोड सोडतो, सकाळी फिरायला जातो, कारल्याचा रस पितो, आणि उपाशीपोटी दिलेल्या रक्ताचा आकडा अपेक्षेप्रमाणे आला की येताना वाटेवरच जिलेबी घेतो. वैद्यकाने यावर एचबीएवनसी नावाची चाचणी आणली, जी रक्तातील साखरेची मागील दोनतीन महिन्यांची सरासरी सांगते. सभ्य गृहस्थांच्या दृष्टीने ही चाचणी अत्यंत चहाडखोर आहे. गणपतीतले मोदक, पितृपक्षातली खीर आणि ऑफिसातला वाढदिवसाचा केक या सर्वांची बेरीज ती एका आकड्यात, आणि तेही बायकोच्या समक्ष जाहीर करते, त्यामुळे तिच्याविषयी पुरुषवर्गात "हल्ली या लॅबवाल्यांचं काही खरं नसतं" असे मत रूढ झाले आहे.

चौथा गुण ज्ञापकत्व, म्हणजे आपल्याला काय होते ते सांगता येणे. ठणकणे, चमकणे, कळ येणे, भगभगणे, कसकसणे, मुंग्या येणे अशी दुखण्याच्या छटांची मोठी संपत्ती मराठीत असूनही डॉक्टरांच्या समोर बसल्यावर रोगी "कसंतरीच होतंय" एवढेच म्हणतो. रोगी विवाहित पुरुष असेल तर तेवढेही म्हणण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

"यांना ना डॉक्टर, रात्री झोपच लागत नाही."

"लागते," रोगी म्हणतो.

"घोरणं म्हणजे झोप नव्हे. आणि यांच्या छातीत दुखतं."

"छातीत नाही, पोटात."

"अहो, तुम्ही मध्ये बोलू नका. मला डॉक्टरांना नीट सांगू द्या."

अशा रीतीने पोटाची तपासणी होते, पोटाचे औषध लिहून होते, पैसे दिले जातात, पुढचा रोगी अर्धा आत येतो, आणि तेव्हा पडद्याला हात लावून उभा असलेला हा मूक गृहस्थ प्रथमच तोंड उघडतो: "डॉक्टर, एक सहज विचारतो. जिना चढताना डावा हात जरा भरून येतो आणि घाम फुटतो. ते काही विशेष नाही ना?" मुख्य आजार दाराशी सांगण्याची ही पद्धत इतकी दृढ आहे की अनुभवी डॉक्टर रोगी खुर्चीत असताना नुसते ऐकतात आणि तो उठला की कान टवकारतात.

चरकाने औषधाला दुसरे आणि परिचारकाला तिसरे स्थान दिले असले, तरी मराठी घरात परिचारक आधी येतो, कारण औषध आणायला तोच जातो. परिचारकाला उपचारांची जाण असावी, तो चपळ असावा, स्वच्छ असावा आणि रोग्याविषयी त्याला प्रेम असावे, असे ग्रंथ सांगतो. मराठी नातेवाइकांत प्रेमाचा साठा एवढा मोठा असतो की उरलेल्या तिघांना जागा पुरत नाही. रोगी रुग्णालयात दाखल झाल्याची बातमी पसरताच शहाळी, सफरचंदे आणि माणसे यांचा ओघ सुरू होतो. खाटेवर दोन, खुर्चीत एक आणि खिडकीच्या कट्ट्यावर दोन असे आप्त स्थानापन्न होतात, आणि रोग्याला विश्रांतीची किती गरज आहे यावर त्याच्या उशाशी चर्चा रंगते. समाचाराला जाणे हे मराठी समाजात कर्तव्य मानले गेले असून त्यातील संवाद ठरलेला आहे.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"पित्ताशयात खडे आहेत. काढायचे म्हणाले."

"अरे बापरे. आमच्या भावोजींना अगदी हेच झालं होतं."

"मग?"

"गेले. पण तुम्ही काळजी करू नका, त्यांचं वय झालं होतं. तुमच्यापेक्षा चांगले दोन वर्षांनी मोठे होते."

आता वैद्याकडे वळावे लागेल. शास्त्राचे निर्मळ ज्ञान, पुष्कळ प्रत्यक्ष अनुभव, दक्षता आणि शुचिता हे वैद्याचे चार गुण होत. समाजाने या यादीची दुरुस्ती फार पूर्वीच केली आहे. पहिला सुधारित गुण म्हणजे हातगुण, ज्यात तेच औषध एकाने दिले तर लागू पडते आणि दुसऱ्याने दिले तर पडत नाही. दुसरा गुण म्हणजे पथ्य सांगण्याची क्षमता. "काहीही खा" असे म्हणणारा डॉक्टर कितीही विद्वान असला तरी त्याचा अभ्यास कच्चा राहिला असावा असे मानले जाते. याउलट आंबट, तेलकट, वांगे आणि दही एका दमात बंद करणाऱ्याचा दरारा पंचक्रोशीत पसरतो, मग ते वांगे त्याच रात्री भरून केले गेले तरी हरकत नसते. तिसरा गुण असा की त्याने फार विचारू नये, कारण जो विचारत बसतो त्याला कळत नसावे. चौथा गुण छातीला नळी लावण्याचा. १८१६ मध्ये पॅरिसच्या रने लेनेक या डॉक्टरांना एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावण्याचा संकोच वाटला, म्हणून त्यांनी कागदाची सुरळी करून तिच्यातून हृदयाचे ठोके ऐकले, आणि त्या संकोचातून स्टेथोस्कोप जन्माला आला. आज त्या यंत्राचे कार्य श्रवणाच्या पुष्कळ पुढे गेले आहे. पायाच्या अंगठ्याला ठेच लागलेल्या माणसाच्याही छातीला ते टेकल्याशिवाय "बघितलं" असे म्हणता येत नाही.

वैद्यकाकडे वळण्याची आंतरिक ओढ, जिला पाश्चात्य ग्रंथ ईश्वरी हाक मानतात, ती महाराष्ट्रात मुलाच्या आधी त्याच्या आजीला ऐकू येते. बारशातच त्याला खेळण्यातला स्टेथोस्कोप मिळतो, दहावीनंतर त्याची लातूरसारख्या शिकवण्यांच्या गावी रवानगी होते, नीट नावाच्या अखिल भारतीय प्रवेशपरीक्षेसाठी त्याच्या घरातला दूरदर्शन संच दोन वर्षे कापडाखाली जातो, आणि साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम व वर्षभराची आंतरवासिता, म्हणजे रुग्णालयातील सक्तीची उमेदवारी, पुरी करून तो घरी येतो, तेव्हा तीच आजी विचारते, "नुसता एम.बी.बी.एस.? मग स्पेशालिस्ट कधी होणार?" तो पुढे आणखी तीन वर्षे शिकतो, पण त्यानेही प्रश्न सुटत नाही. भूलतज्ज्ञ झाला तर तो "फक्त झोपवतो", क्ष-किरणतज्ज्ञ झाला तर "फोटो काढतो", त्वचारोगतज्ज्ञ झाला तर सगळे कुटुंब बाह्या वर करून त्याच्याभोवती बसते, आणि मनोविकारतज्ज्ञ झाला तर नात्यातले सर्वजण त्याचे तोंड भरून कौतुक करतात व त्याच्या दवाखान्याच्या रस्त्याने जाणे सोडतात.

पूर्वी परिस्थिती फार वेगळी होती असे म्हणण्याची पद्धत आहे. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि १८५१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या त्याच्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. वैद्यकी सांभाळून त्यांनी अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेख वाचले, ही गोष्ट पुष्कळांना विसंगत वाटते; वास्तविक वैद्यक आणि पुरालेखविद्या, म्हणजे प्राचीन अक्षरे लावण्याचे शास्त्र, यांचा हा संबंध पुढे कधीच तुटला नाही. फरक एवढाच झाला की लेख आता डॉक्टर लिहितात आणि ते वाचणारे विद्वान औषधांच्या दुकानात बसतात. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावीत असा नियम केला, तेव्हापासून या विद्येला उतरती कळा लागण्याची भीती निर्माण झाली होती. परंतु सुवाच्य लिहिणाऱ्या डॉक्टरला फारसा अनुभव नसावा, हा लोकांचा समज तिच्या मदतीला धावून आला.

स्त्रियांच्या बाबतीत प्रगती अधिक ठळक आहे. आपण अमेरिकेला का जातो आणि एकटीच का जातो, हे आनंदीबाई जोशी यांना १८८३ मध्ये बंगालातील श्रीरामपूर येथे जाहीर सभेत उभे राहून सांगावे लागले. १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळवली आणि प्रबंधासाठी हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा विषय घेतला. आज स्त्रीने डॉक्टर का व्हावे, असे कोणीही विचारीत नाही. आज तिने रोग्याची नाडी पाहिली, पोट तपासले, औषध लिहिले आणि पथ्यही सांगितले, की रोगी अत्यंत आदराने एवढेच विचारतो, "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?"

चौथा पाय औषधाचा. ते भरपूर मिळणारे, रोगाला योग्य, अनेक रूपांत देता येणारे आणि अस्सल असावे, असे शास्त्र आहे. लोकांच्या मते मात्र ते कडू, रंगीत आणि "पॉवरफुल" असावे. कंपाउंडर, म्हणजे डॉक्टरांच्या सांगण्यावरून औषधे मिसळून देणारा मदतनीस, ज्या काळी बाटलीत लाल मिश्रण भरून तिच्यावर मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून देई, त्या काळी निम्मे आजार त्या रंगाला भिऊन पळत, अशी जुन्या पिढीची खात्री आहे. आता तो मान सलाइनला मिळाला आहे. शिरेतून दिलेल्या मिठाच्या पाण्याची बाटली टांगलेली दिसल्याशिवाय आजाराला प्रतिष्ठा येत नाही, आणि दोन बाटल्या लागल्या हे सांगताना रोग्याच्या आवाजात जो भारदस्तपणा येतो तो मुलीला परदेशातले स्थळ मिळाल्याचे सांगतानाही येत नाही.

या चार पायांवर चिकित्सा कशीबशी उभी राहते न राहते तोच पाचवा पाय पुढे सरसावतो. सल्लागार होण्यासाठी पदवीची अट नाही. उलट पदवी असल्यास अडथळा होतो, कारण पदवीधर माणूस तपासल्याशिवाय बोलायला कचरतो. (प्रस्तुत लेखाच्या लेखकाने वैद्यकाचा एकही तास ऐकलेला नाही, म्हणूनच त्याला या विषयावर इतक्या अधिकाराने लिहिता येते, हे सूक्ष्म वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.) डेंगीला पपईच्या पानांचा रस, सांधेदुखीला कोणत्या तरी एका गावचे तेल, मुतखड्याला पानफुटी आणि उरलेल्या सर्व रोगांना गुळवेल, अशी त्याची औषधयोजना व्हॉट्सॲपच्या कृपेने रोज पहाटे साडेपाचला अद्ययावत होत असते. "करून तर बघा, अपाय काहीच नाही," हे त्याचे ब्रीद असते. रोगी डॉक्टरांची गोळी घेतो, सल्लागाराचा काढा घेतो आणि आईने उतरवून टाकलेल्या मीठमोहऱ्यांचाही लाभ घेतो, आणि आठ दिवसांनी बरा झाला की श्रेयाचे वाटप होते. मोठा वाटा काढ्याला, काही वाटा नवसाला आणि थोडा घरच्या तुपाला जातो. डॉक्टरांच्या वाट्याला "त्यांच्या गोळ्यांनी उष्णता मात्र फार झाली" हे वाक्य येते. रोगी बरा झाला नाही, तर मात्र वाटपाचा प्रश्न उरत नाही, कारण मग सगळे श्रेय डॉक्टरांचे एकट्याचे असते.

पाचव्या पायाची खरी शक्ती मंगल कार्यालयात दिसते. तेथे लग्नाला आलेला डॉक्टर पंगतीत बसतो, पानावर मीठ, लिंबू आणि चटणी पडते, आणि डावीकडचे काका आपली जीभ बाहेर काढून दाखवतात. समोरच्या मावशी वाटीभर मठ्ठा पिता पिता मूळव्याधीचा इतिहास सुरू करतात, वाढपी जिलेबी वाढताना थांबून मनगटावरचे गळू पुढे करतो, आणि वरपिता हात जोडून आग्रह करायला येतो तो खिशातून सोनोग्राफीचा अहवाल काढतो. "घाई नाही, सावकाश जेवा," तो म्हणतो, "फक्त एवढं बघून सांगा, ऑपरेशन करावं का." डॉक्टर काही औषध सुचवतो, तेव्हा चौघेही एकमेकांकडे पाहतात आणि उजवीकडचे आजोबा, ज्यांनी आतापर्यंत काहीच विचारलेले नसते, ठामपणे सांगतात, "त्यापेक्षा ओवा भाजून घ्या."

चरकाचे चार पाय आहेत तसे राहोत, आणि पाचवा काढून टाकणे कोणत्याही शल्यविशारदाला जमेल असे दिसत नाही. तेव्हा वाचकांना विनंती एवढीच आहे की त्यांनी गोळीचे नाव चिठ्ठीवर लिहून न्यावे, फाइल पिशव्यांतून बाहेर काढावी, दाराशी सांगायचे ते खुर्चीत सांगावे, पाच दिवसांचे औषध पाच दिवस घ्यावे, आणि पंगतीत शेजारी डॉक्टर आला तर निदान त्याचा वरणभात संपेपर्यंत आपली जीभ तोंडातच ठेवावी.